आजचं चिंतन : शंभर वर्षं कशासाठी?



आजचा पाठ : ईशावास्य उपनिषद, मंत्र दुसरा.

काल आपण पहिला मंत्र पाहिला. हे सगळं जग ईश्वराने व्यापलेलं आहे, म्हणून त्यागाने भोग घ्या, कुणाच्या धनाची हाव धरू नका, असा त्याचा भाव. त्याला लागूनच दुसरा मंत्र येतो आणि पहिल्यांदा वाचताना आपण जरा दचकतो. उपनिषद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संन्यास येतो, हिमालय येतो, सगळं सोडून जाणं येतं. आणि इथे ऋषी सांगतात की माणसाने याच जगात कर्म करत करत शंभर वर्षं जगण्याची इच्छा धरावी. तुझ्यासाठी याहून वेगळा रस्ता नाही. असं जगलास तर कर्म तुला चिकटणार नाही.

किती सरळ आहे ना! जगायची इच्छा म्हणजे पाप नाही. शंभर वर्षं मागितली तरी तो लोभ नाही. फक्त 'कर्म करत' एवढी एक अट आहे.

पण मंडळी, खरं सांगतो, गेले काही महिने ही अटच मला टोचतेय. ज्याचे हात आता चालत नाहीत, त्याने काय करायचं? त्याची वर्षं फुकट गेली म्हणायची का? हा प्रश्न पुस्तकातून आलेला नाही. आमच्या घरातून आलाय.

एक यादी

डिसेंबर २०२५ मध्ये शिल्पकार राम सुतार गेले. त्यानंतर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक यादी टाकली, शंभरी गाठलेल्या मोठ्या माणसांची. तुमच्याकडेही अशा याद्या येत असतील. फोटो, नाव, वय आणि खाली हात जोडलेले. मी सहसा वाचत नाही, पण ही वाचली, कारण त्यातली तीन माणसं बरोब्बर एकाच वयाची होती. शंभर पूर्ण, एकशे एकावं चालू.

पहिले राम सुतार. १९ फेब्रुवारी १९२५ चा जन्म, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा त्यांच्या कल्पनेतून उभा राहिला. त्याचं अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८ ला झालं तेव्हा त्यांचं वय ९३ होतं. आपल्याकडे ज्या वयात माणसाला 'आता आराम करा' म्हणून कॉट दिली जाते, ते वय उलटून तीसेक वर्षं झाली होती.

दुसरे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. १९ सप्टेंबर १८६७ ला सावंतवाडीजवळच्या कोलगावात जन्म, ३१ जुलै १९६८ ला देहत्याग. गंमत म्हणजे हेही जे. जे. चेच विद्यार्थी, चित्रकार. हैदराबादला आणि लाहोरला त्यांनी चित्रकला हाच व्यवसाय केला. मग वेदांकडे वळले ते कायमचे. १९१८ मध्ये औंधला स्वाध्याय मंडळ काढलं, चारही वेदांच्या संहिता शुद्ध करून छापल्या. १९४८ मध्ये औंध सोडून गुजरातमधल्या पारडीला जावं लागलं. तेव्हा वय ऐंशी. ऐंशीव्या वर्षी नव्या गावात जाऊन पुन्हा तेच काम सुरू केलं आणि पुढची वीस वर्षं केलं. पद्मभूषण मिळालं ते १९६८ मध्ये, म्हणजे शंभरी पार केल्यावर.

तिसरे मुंबईचे वसंत रायजी. २६ जानेवारी १९२० ते १३ जून २०२०. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. प्रथम श्रेणीचे सामने खेळले फक्त नऊ, पण क्रिकेटचा इतिहास आयुष्यभर लिहिला. त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाच्या सुमाराला सचिन तेंडुलकर आणि स्टीव्ह वॉ त्यांच्या घरी गेले होते, तो केक कापतानाचा फोटो तुम्ही पाहिला असेल.

एक वेदांचा अभ्यासक, एक शिल्पकार, एक हिशेबनीस क्रिकेटपटू. वय एकच. यादीत पुढे दि. ब. देवधर होते, १०१ वर्षांचे, आणि महर्षी कर्वे होते, १०४ वर्षांचे, ज्यांना १९५८ मध्ये, शंभरी गाठली त्याच वर्षी, भारतरत्न मिळालं.

मी मनात म्हटलं, वा! हाच तर आपला दुसरा मंत्र. कर्म करत शंभर वर्षं. यावर चिंतन लिहायचं असं ठरवून टाकलं. आणि संक्रांतीला गावी गेलो.

आजीचा प्रश्न

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरपासून जवळच. तिथे माझी आजी असते, काका-काकूंजवळ. तिचं वय किती, ते कुणालाच नक्की माहीत नाही. आधार कार्डावर १ जानेवारी आहे, पण आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं १ जानेवारीलाच जन्मलेली आहेत. ती स्वतः सांगते, "रझाकाराच्या टायमाला मी परकर नेसत व्हते." म्हणजे १९४८ ला आठ-दहा वर्षांची धरली तर आता नव्वदीच्या आसपास.

दोन वर्षांपूर्वी अंगणात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर न्हाणीपर्यंत जायलाही कुणाचा तरी हात लागतो. हात थरथरतात, कप धरवत नाही. काही गोष्टी लख्ख आठवतात, काही पाच मिनिटांत पुसल्या जातात.

मी तिला हुरूप यावा म्हणून मोबाइलवर ती यादी दाखवली. राम सुतारांचा फोटो मोठा करून दाखवला.

"किती वर्साचे म्हनलास?"

"शंभर, आजी. आणि एवढ्या वयात पण काम करत होते बघ."

तिने बराच वेळ फोटो बघितला. मग शांतपणे म्हणाली, "त्येंचे हात चालत व्हते, लेकरा. माजे न्हाईत चालत. मग मला कशाला ठिवलंय त्यानं?"

'त्यानं' म्हणजे भिंतीवरच्या विठोबाने.

मी काय म्हणालो? "असं बोलू नये आजी." बस. आणि लॅपटॉप उघडून बसलो. रोज तुम्हाला चिंतन लिहून पाठवणारा मी, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझं पहिलं उत्तर, आणि ते का पुरलं नाही

त्या रात्री मी इंजिनिअरसारखा हिशेब मांडला. आजीने भाकरी किती थापल्या असतील? मोठं कुटुंब, गडीमाणसं. दिवसाला तीस धरल्या आणि साठ वर्षं धरली तर साडेसहा लाखांच्या वर जातात. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची आणि तिथे मिळालेली सुकडी पदराला बांधून पोरांसाठी आणायची. १९९३ चा भूकंप झाला तेव्हा आमच्या घराची भिंत गेली, ती तिने स्वतः माती कालवून उभी केली. त्या यादीत एकही बाई नव्हती हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं. भाकरीचं अनावरण होत नाही ना!

सकाळी मी तिला हे सगळं सांगितलं. म्हटलं, आजी, तू इतकं केलंस, आता तुझा आरामाचा हक्क आहे.

ती हसली. "त्ये झालं की बाबा," एवढंच म्हणाली.

नंतर विचार केला तर लक्षात आलं की माझं उत्तर मुळातच चुकीच्या पायावर उभं होतं. 'तू कमावलंस म्हणून आता बसून खा' हे पेन्शनचं गणित झालं. त्यातही माणसाची किंमत कामावरच ठरवली जाते, फक्त जुन्या कामावर. मग जन्मापासून ज्याला अंथरुणातून उठता आलं नाही, त्याचं काय? त्याच्या तर खात्यात काहीच जमा नाही. ते घर त्याला कोणत्या हक्काने सांभाळतं? हक्काचा प्रश्नच नसतो तिथे. तो आपला असतो.

चांगदेवांचं कोरं पत्र

बरं, मग नुसतं जास्त जगणं हेच मोठेपण मानायचं का? तसंही आपली परंपरा म्हणत नाही.

चांगदेवांची कथा सगळ्यांना माहीत आहे. योगबळावर चौदाशे वर्षं जगले अशी त्यांची ख्याती. त्यांनी ज्ञानेश्वर माउलींची कीर्ती ऐकली आणि पत्र लिहायला बसले. मायना काय लिहायचा? ज्ञानाने मोठे म्हणून 'तीर्थरूप' लिहावं तर समोरचा पोरगा. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं तर ज्ञान एवढं. शेवटी कोरंच पत्र पाठवलं. मुक्ताई ते पाहून म्हणाली की एवढी वर्षं जगूनही हा कोराच राहिला. त्या कोऱ्या पत्राला माउलींनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, तीच 'चांगदेव पासष्टी'.

आमच्या क्षेत्रात यासारखी एक गंमत आहे. पूर्वी लोक अभिमानाने सांगायचे, आमचा सर्व्हर हजार दिवस बंद पडलेला नाही. आता तसं कुणी सांगितलं की आम्ही घाबरतो. हजार दिवस रीस्टार्ट नाही याचा अर्थ त्यात बऱ्याच दुरुस्त्या आजवर पोचलेल्याच नसणार. चालू राहणं आणि सुधारत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगदेवांचा अपटाइम चौदाशे वर्षांचा, पण मुक्ताईसमोर नमले त्या दिवशी खरी दुरुस्ती झाली.

आता गोरोबाकाकांची ती थापटण्याची कथा आठवा. संतमंडळी जमलेली. मुक्ताई म्हणाली, काका, तुमच्या या थापटण्याने आमची मडकी तपासा, पक्कं कोणतं, कच्चं कोणतं. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं वाजवलं. सगळे शांत बसले, नामदेव मात्र रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. ज्याच्याशी देव बोलायचा तो नामदेव कच्चा! नामदेव रडले, पण पुढे विसोबा खेचरांना शरण गेले. परंपरेप्रमाणे नामदेव ऐंशी वर्षं जगले. तो दिवस आला नसता तरी कदाचित तेवढेच जगले असते, पण आपल्याला माहीत असलेले नामदेव झाले नसते. मडकं अंगणात किती दिवस ठेवलं होतं यावर ते पक्कं होत नाही, भट्टीतून गेल्यावर होतं. वय आपल्याला भट्टीपर्यंत जायला वेळ देतं, एवढंच त्याचं देणं.

इथपर्यंत मला पटलं होतं. पण आजीला हे कसं सांगणार? ती काही पक्कं व्हायचं कसं, ते विचारत नव्हती. पक्कं झालेलं मडकं तडकलं, आता त्यात पाणी राहत नाही, तर ते ठेवायचं कशाला, असं तिचं विचारणं होतं.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने लिहिलेलं म्हातारपण

ज्ञानेश्वरी उघडली. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतलं दुःख आधीच पाहण्याबद्दल येतं. तिथे माउलींनी म्हातारपणाचं जे वर्णन केलंय ते एकदा सलग वाचा. कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे डोळे पुढे पिकलेल्या पडवळासारखे होतील, असं एक एक करून सगळ्या शरीराचं. वाचवत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. परंपरेने सांगितलेलं जन्मवर्ष धरलं तर लिहिणारा पंधरा-सोळा वर्षांचा होता.

पण माउली हे कुणाला सांगतात ते नीट पाहा. म्हाताऱ्याला नाही. ज्याचे डोळे आज कमळासारखे आहेत त्याला सांगतात, की हे आजच बघून ठेव. म्हणजे तो अध्याय आजीसाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. माझ्या डोळ्यांना अजून चष्मासुद्धा नाही, आणि मी तिच्याकडे बघत होतो ते असं, की ही एक वेगळीच जमात आहे आणि मी तिचा सदस्य कधी होणार नाही.

'अदीन'

आणि मग एक शब्द सापडला.

यजुर्वेदाच्या छत्तिसाव्या अध्यायात एक प्रार्थना आहे. संध्या करणाऱ्यांना पाठ असेल. सूर्याकडे बघून शंभर शरद मागितलेत. शंभर शरद पाहू दे, जगू दे, ऐकू दे, बोलू दे. आणि शेवटी मागितलंय की शंभर शरद आम्ही 'अदीन' असू दे, शंभराच्या पुढेही असू दे. ईशावास्य हा त्याच यजुर्वेदाचा चाळिसावा अध्याय. म्हणजे दोन्ही मंत्र एकाच ग्रंथात, अगदी शेजारी शेजारी. सातवळेकरांनी शुद्ध करून छापलेल्या संहितांमधली ही एक.

अदीन म्हणजे जो दीन नाही, लाचार नाही. पहिल्यांदा वाटतं की याचा अर्थ कुणावर अवलंबून नसलेला. तसा अर्थ धरला तर आजीची शंभरी आधीच मोडली. पण जरा थांबून पाहा. तान्हं बाळ पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून असतं. त्याला कुणी दीन म्हणतं का? उलट घरातला राजा तोच असतो. रडला की सगळं घर उभं. म्हणजे अवलंबून असणं वेगळं आणि दीन होणं वेगळं. शरीर थकलं की अवलंबून राहणं येतंच. दैन्य मात्र शरीरातून येत नाही, ते समोरचा माणूस देतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो, सांगायला लाज वाटते तरी.

त्याच मुक्कामात संध्याकाळी काकू तिला चहा पाजत होती. काकूला चुलीवरचं काही बघायचं होतं म्हणून तिने कप आजीच्या हातात दिला. हात थरथरला, चहा सांडला, थोडा माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर उडाला. मी मीटिंगमध्ये होतो. म्यूट करून म्हणालो, "अगं आजी, जरा नीट धर ना!"

ओरडलो नाही, मंडळी. आवाजही मोठा नव्हता. पण दुसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा आजी म्हणाली, "नगं. मला न्हाई प्यायाचा." आयुष्यभर दिवसातून चार वेळा चहा घेणारी बाई. मी खोलीत होतो तोवर तिने चहा घेतला नाही. मी बाहेर गेल्यावर घेतला, असं काकूने सांगितलं.

हात थरथरणं तिचं होतं. दैन्य मी दिलं होतं. सहा शब्दांत.

आता दुसरा मंत्र पुन्हा वाचा. कर्म करत शंभर वर्षं जगण्याची इच्छा धरावी. मी इतके दिवस समजत होतो की हे म्हाताऱ्या माणसाला उद्देशून आहे, जणू नव्वदीतल्या बाईला ऋषी विचारतायत की तुझं आजचं काम दाखव. मला वाटतं एका घरात दोन्ही मंत्र एकत्र वाचायला हवेत. एकाची शंभर वर्षं अदीन राहावीत, हे दुसऱ्याचं कर्म आहे. पुढे पाळी बदलते. 'मला कशाला ठेवलंय' या प्रश्नाचं उत्तर आजीने शोधायचंच नव्हतं. तो प्रश्न तिच्या तोंडून आला, पण पत्ता माझा होता.

काकांचे हात

तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे, तेरणेच्या काठी. चैत्र वद्य त्रयोदशीला मोठी यात्रा भरते. आम्ही लहानपणापासून जातो. पण त्यांच्या कथेतला एक भाग मी कधी नीट ऐकलाच नव्हता, तो यावेळी ऐकू आला.

भजनात दंग होऊन माती तुडवताना काकांच्या पायाखाली स्वतःचं मूल गेलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर बायकोने विठोबाची आण घातली, ती शपथ मोडली गेली असं वाटल्यावर काकांनी स्वतःचे हातच तोडून टाकले. कथा कठोर आहे, तिचे अर्थ अनेक लावतात, आज त्यात शिरत नाही. मला अडकवलं ते पुढच्या गोष्टीने. कुंभार, आणि हात नाहीत! म्हणजे मडकं नाही, धंदा नाही, घर चालणार नाही. काका म्हणजे त्या सगळ्या संतमंडळींत वडीलधारे, आणि आता हातचं काम गेलेलं. माझ्या आजीसारखंच.

तेव्हा देवाने काय केलं? हात लगेच परत दिले का? नाही. ते पुढे नामदेवांच्या कीर्तनात आले. त्याआधी विठोबा स्वतः कुंभार होऊन काकांच्या घरी राबायला आला. माती कालवली, मडकी घडवली, विकली. आणि आला तो उपकार करणारा म्हणून आला नाही. चाकर म्हणून आला. 'मी देव आहे, तुझ्यासाठी इतकं करतोय' असं एकदाही म्हणाला नाही. काकांना दीन न करता त्याने काकांचं काम केलं.

बस, मला उत्तर मिळालं. देवाने आजीला कशाला ठेवलंय ते मला माहीत नाही, आणि तो त्याचा कारभार आहे. पण ती आहे तोवर त्या घरात एका चाकराची जागा रिकामी आहे, हे मला माहीत आहे.

एक मात्र प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. ती जागा रिकामी नव्हतीच. माझी काकू दोन वर्षं ती भरतेय. रात्री दोनदा उठते, अंघोळ घालते, तेच उत्तर दहाव्यांदा देते. मी पुण्यात बसून 'अदीन' शब्दावर चिंतन लिहितो. विठू कुंभार आमच्या घरी कधीच आलाय, नऊवारी नेसून. म्हणून आजीला अदीन ठेवायचं तर काकूलाही दीन होऊ द्यायचं नाही, हा त्याच मंत्राचा दुसरा अर्धा भाग. आता महिन्यातले चार दिवस मी गावातून काम करतो आणि ते चार दिवस काकू माहेरी जाते. फार नाही हे. पण सुरुवात आहे.

आजचा संकल्प

दर वेळी असतो तसा, छोटासाच.

तुमच्या घरात किंवा ओळखीत नव्वदीकडे झुकलेलं कुणी असेल तर आज त्यांना काहीतरी मागा. मदत देऊ नका, मागा. मी रोज संध्याकाळी फोनवर आजीला हरिपाठातलं एखादं चरण मुद्दाम अर्धं म्हणून दाखवतो. पुढचं ती म्हणते, आणि माझी चाल चुकली की रागावते. आजच्या जेवणात काय होतं ते तिला आठवत नाही, हरिपाठ आठवतो. कधीतरी तोही आठवणार नाही. तेव्हा मी म्हणेन आणि ती ऐकेल. तेव्हाही ती अदीन असेल की नाही, हे माझ्या आवाजावर ठरणार आहे.

आणि चहा. मागच्या खेपेला मी जवळ बसलो, कप तिच्याच दोन्ही हातांत दिला आणि खालून माझा तळहात लावला. कुंभार मडकं थापटताना आतून एक हात आधाराला ठेवतो ना, तसा. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, म्हातारी आपल्या हाताने चहा पितेय.

दोन घोट घेऊन तिने विचारलं, "त्ये फोटूतलं म्हातारं कसं हाय आता?"

म्हटलं, "गेले आजी. मागच्याच महिन्यात."

"शंभर वर्सं जगलं," ती म्हणाली, "चांगलं केलं असतील लेकरांनी त्येंचं."

पुतळ्याचं ती काहीच बोलली नाही.

उद्या तिसरा मंत्र. तोवर राम कृष्ण हरी.